गावाच्या पाटीवरचे गोल बिल्ले: ब्रिटनमधले सेवा-क्लब कुठून आले?

नाशिकहून इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका लहान गावात नुकत्याच राहायला आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न आहे. गावात शिरताना स्वागताच्या पाटीखाली त्यांना चार-पाच गोल बिल्ले दिसले: रोटरी, लायन्स, राउंड टेबल, इनर व्हील, सोरॉप्टिमिस्ट. या एकाच संस्थेच्या शाखा आहेत का, नसतील तर एवढ्याशा गावात इतके क्लब कशाला, आणि यजमानांना ऑफिसातल्या एकाने रोटरीच्या जेवणाला बोलावलंय तर जावं का, आपल्यासारख्यांना तिथे जागा असते का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी बावीस वर्षांपासून उत्तर इंग्लंडमधल्या एका रोटरी क्लबात आहे. त्यातली नऊ वर्षं हिशेब सांभाळले, एक वर्ष अध्यक्ष होतो. हे बिल्ले दिसायला सारखे असले तरी संस्था वेगवेगळ्या आहेत. त्या वेगवेगळ्या का झाल्या ते कळलं की कुठल्या दारावर टकटक करायची तेही तुम्हाला आपोआप कळेल. कारण यातला जवळजवळ प्रत्येक क्लब आधीच्या क्लबाने कुणाला तरी दाराबाहेर ठेवलं म्हणून जन्माला आला आहे.

सुरुवात रोटरीपासून. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ मध्ये शिकागोत पहिला क्लब काढला. तिथून ही कल्पना या बाजूला आली ती स्टुअर्ट मॉरो नावाच्या माणसाबरोबर. मूळचा आयरिश, सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन राहिलेला, तिथल्या रोटरीचा सभासद. १९११ मध्ये तो आयर्लंडला परतला आणि त्याने डब्लिनमध्ये क्लब उभा केला, मग बेलफास्टमध्ये. युरोपातले हे पहिले रोटरी क्लब. त्याच वर्षी लंडन आणि मँचेस्टरमध्येही क्लब निघाले, ते मात्र मॉरोच्या हातून नव्हे. मॉरो पुढे ग्लासगो, एडिंबरा, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम असा फिरत राहिला. क्लब बांधणं हाच त्याचा व्यवसाय होता. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

रोटरीचा तेव्हाचा मूळ नियम असा, की एका व्यवसायाचा एकच माणूस. गावात दोन दंतवैद्य असले तर एकालाच जागा. हेतू चांगला होता. टेबलाभोवती बसलेल्यांत एकमेकांचे स्पर्धक नसले की माणसं मोकळेपणी बोलतात, आणि बेकरीवाला, बँकेचा मॅनेजर, शाळेचा मुख्याध्यापक, छापखानेवाला असं सगळं गाव एका टेबलाशी येतं. पण या नियमाचा दुसरा अर्थ असा, की उरलेला दंतवैद्य बाहेर. आणि सभासद फक्त पुरुष. पुढच्या सगळ्या गोष्टीची मुळं या दोन ओळींत आहेत.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे क्लब बरेचसे एकमेकांना धंदा मिळवून देण्यासाठीच होते, हे आमच्यातल्या अनेकांना आजही कबूल करायला जड जातं. सेवेचं वळण लागलं ते पहिल्या महायुद्धाने. १९१४ मध्ये ब्रिटिश क्लबांनी आपली स्वतंत्र संघटना काढली, आणि थोड्याच महिन्यांत बेल्जियममधून निर्वासितांचे लोंढे आले. त्यांची राहायची सोय, कपडे, मुलांच्या शाळा, कुणाला तरी हे बघायलाच हवं होतं. गावातल्या प्रत्येक धंद्याचा एकेक माणूस ज्या टेबलाशी आठवड्याला भेटतो, तिथे हे काम सोपं होतं. घरमालक तिथेच, कापडवाला तिथेच, मुख्याध्यापक तिथेच. एका व्यवसायाचा एक माणूस हा नियम धंद्यासाठी केला होता, तो उपयोगी पडला असा.

त्या स्वतंत्र संघटनेमुळे इथली रोटरी आजही थोडी निराळी आहे. नाशिकचा क्लब शिकागोजवळच्या एव्हन्स्टनमधल्या जागतिक कार्यालयाशी थेट जोडलेला असतो. इथे मध्ये ‘ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड’ची स्वतःची व्यवस्था आहे, तिचं कार्यालय वॉरिकशरमधल्या ऑल्स्टर या छोट्या गावात. नावातलं आयर्लंड म्हणजे सगळं आयर्लंड. देशाची फाळणी झाली तरी डब्लिन आणि बेलफास्ट एकाच संघटनेत राहिले. बेलफास्टमध्ये गोळ्या चालत होत्या त्या दशकांतही. मला या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आता बायकांकडे येऊ. ब्रिस्टलमध्ये १९२० मध्येच व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी ‘व्हेंचर क्लब’ काढला होता, रोटरीसारखाच, प्रत्येक व्यवसायाची एकेक बाई घेऊन. तिकडे आपला मॉरो कॅलिफोर्नियात परतला होता. सोरॉप्टिमिस्टांमध्ये एक गोष्ट सांगतात, की ओकलंडमध्ये तो एका सेक्रेटरियल शाळेच्या मालकाला क्लबाचं निमंत्रण द्यायला गेला, तर मालक म्हणून समोर आली एक बाई. बायकांना घेत नाहीत हे कळल्यावर ती म्हणाली, घ्याल तेव्हा मी येईन. १९२१ मध्ये मॉरोने तिथे ऐंशी स्त्रियांचा पहिला सोरॉप्टिमिस्ट क्लब उभा केला. मग तो लंडनला आला आणि १९२३-२४ मध्ये ‘ग्रेटर लंडन’चा क्लब बांधला. १९३० मध्ये व्हेंचर क्लब सोरॉप्टिमिस्टांत विलीन झाले. म्हणजे पुरुषांचा क्लब आयर्लंडमध्ये आणणारा आणि बायकांचा क्लब लंडनमध्ये आणणारा माणूस एकच. सोरॉप्टिमिस्ट बाईला तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखत नाहीत, तिच्या कामाने ओळखतात. डॉक्टर, वकील, शिक्षिका, दुकान चालवणारी. तुम्ही स्वतः नोकरी-व्यवसाय करत असाल तर हे दार ध्यानात ठेवा.

इनर व्हीलचा रस्ता वेगळा. रोटरीच्या कामांत बायका पहिल्यापासून राबत होत्या: निर्वासितांचे कपडे, मुलांच्या सहली, चहापाणी. सभासदत्व मात्र नवऱ्याचं. मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग या बाईंनी याला नीट रूप द्यायचं ठरवलं. वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वाय गावच्या, नर्सिंग शिकलेल्या आणि नर्सांच्या गणवेशांचा धंदा स्वतः चालवणाऱ्या. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी त्यांनी मँचेस्टरच्या रोटेरियनांच्या घरच्या बायकांना बोलावलं. सत्तावीस जणी आल्या. जागा कुठली, तर हेरियट्सच्या टर्किश बाथमधली, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहातली थंड खोली, कारण तेवढीच मिळाली. नोव्हेंबरातलं मँचेस्टर मी पाहिलंय. स्नानगृहाच्या थंड खोलीत कोट घालून बसलेल्या त्या सत्तावीस जणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. १० जानेवारी १९२४ ला क्लब रीतसर सुरू झाला. नाव इनर व्हील, म्हणजे आतलं चाक, कारण त्यांच्या बिल्ल्यावर रोटरीच्या चिन्हातल्या चाकाच्या आत आणखी एक लहान चाक काढलेलं असतं.

‘नवऱ्यामुळे मिळालेलं सभासदत्व’ म्हणून इनर व्हीलला कमी लेखणारे इथे भेटतात. मला ते पटत नाही. ज्या काळात मध्यमवर्गातल्या लग्न झालेल्या बाईने नोकरी करणं समाजाला मान्य नव्हतं, त्या काळात अध्यक्षपद चालवणं, हिशेब ठेवणं, चारचौघांत उभं राहून भाषण करणं हे हजारो बायका इथे शिकल्या. आणि नाशिकच्या माणसाला इनर व्हील काय सांगायचं? मँचेस्टरच्या त्या खोलीत सुरू झालेल्या संस्थेचे सर्वांत जास्त सभासद आज भारतात आहेत.

पुढचं बाहेर राहिलेलं माणूस म्हणजे तरुण. लुई मार्चेसी कॉर्कमध्ये जन्मलेला, आई आयरिश, वडील स्विस. कुटुंबाचं नॉरिचमध्ये उपाहारगृह होतं. तो नॉरिच रोटरीचा सभासद झाला तेव्हा तिथला सगळ्यांत लहान. भोवती सगळे व्यवसायात स्थिरावलेले, केस पिकलेले. पहिल्या युद्धातून परतलेल्या आणि नुकता धंदा टाकलेल्या मुलांना भेटायला जागाच नाही, हे त्याने रोटरीच्या सभेतच बोलून दाखवलं. त्याच सुमारास प्रिन्स ऑफ वेल्सने एका भाषणात तरुण व्यावसायिकांना आवाहन केलं होतं, की टेबलाभोवती या, जुन्यातलं चांगलं घ्या, काळाप्रमाणे बदला, सुधारा. मार्चेसीने त्यातून नाव उचललं आणि ‘घ्या, बदला, सुधारा’ हे तीन शब्द घोषवाक्य म्हणून घेतले. १४ मार्च १९२७ ला नॉरिचमध्ये राउंड टेबल क्रमांक एक सुरू झालं. विंचेस्टरच्या जुन्या सभागृहात भिंतीवर राजा आर्थरचं म्हणून जे गोल टेबल टांगलेलं आहे, त्यावरून बिल्ला काढला.

मार्चेसीने एक कडक अट घातली: चाळिशी झाली की बाहेर. माजी अध्यक्ष असो की संस्थापक असो, वाढदिवस आला की जागा रिकामी. ही अट मला नेहमी शहाणपणाची वाटत आलेली आहे. क्लब म्हातारा होत नाही आणि पंचविशीतल्या पोराच्या हातात तीस हजार पौंडांच्या फटाक्यांच्या कार्यक्रमाची जबाबदारी पडते. इथल्या किती गावांत पाच नोव्हेंबरची, म्हणजे संसद उडवण्याचा जुना कट फसल्याच्या आठवणीत होणारी मोठी शेकोटी आणि आतषबाजी राउंड टेबलनेच वर्षानुवर्षं केली आहे! पण याही अटीने माणसं बाहेर काढलीच. मग चाळिशी उलटलेल्यांचा ‘फॉर्टी-वन क्लब’ निघाला, टेबलवाल्यांच्या बायकांचं ‘लेडीज सर्कल’, आणि सर्कलमधून वयाने बाहेर पडलेल्यांचा ‘टँजंट’. आता टेबलची मर्यादा पंचेचाळीस आहे. आपल्याकडचं राउंड टेबल १९६२ मध्ये मद्रासला सुरू झालं. शाळांच्या खोल्या बांधण्याचं त्यांचं काम तुम्ही कदाचित पाहिलं असेल.

लायन्स इथे उशिरा आले, दुसऱ्या महायुद्धानंतर. तेही मूळचे शिकागोचेच, मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये सुरू केलेले. त्यांच्याकडे एका व्यवसायाचा एकच माणूस ही भानगड नव्हती. गावातला दुसरा दंतवैद्य, तिसरा प्लंबर, सगळे चालत.

इथे इतिहासातलं एक मोठं वळण सांगायला हवं. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्याआधी गरिबाच्या मुलाचा चष्मा, म्हातारीचा कोळसा, आजाऱ्याला समुद्रकाठी विश्रांतीला पाठवणं, यांत देणगीदारांचा मोठा हात असे. सरकारने दवाखाना आपल्या अंगावर घेतल्यावर क्लबांना नवं काम शोधावं लागलं: सरकारी व्यवस्था आणि माणसाचं घर यांच्या मधली फट. लायन्सची बाटली हे त्याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण. एक छोटी पांढरी प्लॅस्टिकची डबी, वर हिरवा क्रॉस. आत एक कागद: नाव, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, कुणाला कळवायचं. ही डबी ठेवायची फ्रीजच्या दारात, कारण फ्रीज प्रत्येक घरात असतो आणि अनोळखी माणसालाही लगेच सापडतो. एक हिरवा स्टिकर फ्रीजवर, एक घराच्या मुख्य दाराला आतून. फुकट मिळते. आमच्या शेजारच्या आजी स्वयंपाकघरात पडल्या तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हतं. रुग्णवाहिकेतली मुलगी आत शिरली, वळून दाराचा स्टिकर पाहिला आणि कुणाला काही न विचारता सरळ फ्रीज उघडला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे तिला त्या कागदावरून कळलं. या डबीला खर्च जवळपास काहीच येत नाही.

पैशाबद्दल थोडं, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. क्लबाची दोन खाती असतात आणि ती कधीही एकमेकांत मिसळत नाहीत. एक सभासदांच्या वर्गणीचं, त्यातून जेवणं, खोलीचं भाडं, संघटनेची फी. दुसरं धर्मादाय न्यासाचं, लोकांनी दिलेल्या पैशाचं. लोकांच्या पैशातून सभासदाच्या चहाचा कपसुद्धा येत नाही. रस्त्यावर डबा फिरवायचा तर कौन्सिलचा परवाना काढावा लागतो. बादलीला सील असतं आणि ते दोघांच्या समक्षच फुटतं. डिसेंबरात आमची सांताची गाडी निघते. ट्रेलरवर बांधलेली घसरगाडी, दिवे, ख्रिसमसची गाणी, आणि दोन्ही बाजूंच्या घरांवर टकटक करत जाणारे आम्ही. रात्री नऊला कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बादल्या उलट्या होतात. बोटं थंडीने बधिर झालेली, नाणी बर्फासारखी, आणि त्यांत दर वर्षी एखादं युरोचं नाणं, एखादं बटण, आणि एखाद्या पोराने घडी घालून टाकलेली सांताला लिहिलेली चिठ्ठी. गणपतीच्या वर्गणीला दारोदार फिरलेल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही. पावती पुस्तकाचं वळण तेच.

याच पैशांतून पुढे काय उभं राहतं याचं आपल्याशी जोडलेलं उदाहरण आहे. कॉर्नवॉलच्या टोकाला हेल्स्टन-लिझर्डच्या रोटरी क्लबाने २००० मध्ये ‘शेल्टरबॉक्स’ची कल्पना हाती घेतली. एका पेटीत एका कुटुंबाला लागणारा तंबू, पांघरुणं, भांडी, पाणी शुद्ध करायची सोय. पहिली खेप कुठे गेली? जानेवारी २००१ मध्ये, भूकंपानंतर, आपल्या शेजारी गुजरातला. १४३ पेट्या. समुद्रकाठच्या त्या छोट्या गावातून निघालेलं काम आज स्वतंत्र जागतिक संस्था झालं आहे.

पोलिओ हटवण्याच्या रोटरीच्या कामाचंही सांगतो. शाळांच्या आवारात, वाटेच्या चौकांत फेब्रुवारी-मार्चमध्ये जांभळी क्रोकसची फुलं दिसली तर ती बहुधा रोटरीने लावलेली असतात. लस घेतलेल्या मुलाच्या करंगळीवर जी जांभळी शाई लावतात, त्या शाईचा तो रंग. इथले कितीतरी रोटेरियन स्वतःच्या खर्चाने भारतात जाऊन लसीकरणाच्या दिवशी बूथवर उभे राहिले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याजवळ सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या आठवड्यातल्या आमच्या सभेत ऐंशी वर्षांचे एक सभासद उभे राहिले. लहानपणी पोलिओने त्यांचा पाय गेलेला. बोलता बोलता त्यांना पुढे बोलवेना. मीही खाली बघत राहिलो.

बायकांना रोटरीचं दार उघडलं ते फार उशिरा. अमेरिकेत दुआर्ते या गावच्या क्लबाने स्त्रिया घेतल्या म्हणून त्याला संघटनेतून काढलं, ते प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८७ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. लायन्सनी १९८७ मध्येच बदलला होता. ब्रिटनमध्ये पुष्कळ क्लब त्यानंतरही वर्षानुवर्षं अडून बसले. आमच्या अध्यक्षाच्या गळ्यात एक साखळी असते, तिच्या प्रत्येक पट्टीवर एका माजी अध्यक्षाचं नाव कोरलेलं. ती हातात घेऊन फिरवली की सगळं दिसतं. ओळीने पुरुषांची नावं, मग पहिल्यांदा एका बाईचं, मग एका पोलिश माणसाचं, मग माझं. ती साखळी चांगलीच जड आहे, मान दुखते.

आज हे सगळेच क्लब आटताहेत. भर दुपारी दीड तास जेवायला दुकान बंद करून येणारे दुकानदार उरले नाहीत, बँकेची शाखाच गावातून गेली, लोक तासभर दूर नोकरीला जातात. रोटरीने २०१६ मध्ये आठवड्याच्या सभेची आणि हजेरीची सक्ती सैल केली. ज्या क्लबांनी ते मनावर घेतलं ते टिकताहेत, संध्याकाळी महिन्यातून दोनदा भेटून, पोराबाळांना कामाच्या दिवशी सोबत आणून. ज्यांनी नाही घेतलं त्यांची साखळी आता कुठल्या तरी संग्रहालयाच्या काचेत आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देतो. मी पहिल्यांदा एका दुसऱ्याच क्लबात पाहुणा म्हणून गेलो होतो, तिथे दोन तासांत एकानेही माझं नाव विचारलं नाही. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, झालं आपलं. सहा महिन्यांनी शेजारच्या क्लबातल्या एकाने बाग साफ करायच्या कामाला बोलावलं. फावडं हातात आल्यावर कुणी कुठून आलाय हे विचारायच्या आत ओळख झाली. म्हणून यजमानांना सांगा, नुसत्या जेवणावरून क्लब जोखू नका, कामाचा एक दिवस मागून घ्या. जेवायला जाणार असाल तर शाकाहारी आहोत हे सेक्रेटरीला आठवडाभर आधी कळवा, नाहीतर ताटात उकडलेल्या भाज्याच येतील. सुरुवातीला दोन ओळींची प्रार्थना आणि शेवटी राजाच्या नावाने पेला उंचावण्याची पद्धत बऱ्याच क्लबांत आहे. शांत उभं राहिलं तरी पुरतं, पेल्यात पाणी चालतं.

आणि तुम्ही स्वतः यजमानांच्या मागून जायची काहीच गरज नाही. रोटरी आणि लायन्समध्ये तुम्ही स्वतंत्रपणे येऊ शकता. व्यवसाय करणाऱ्या बायकांत रमणार असाल तर सोरॉप्टिमिस्ट, मैत्रिणी हव्या असतील तर इनर व्हील, आणि तिथेही आता नवरा रोटरीत असण्याची अट राहिलेली नाही. यजमान पंचेचाळीसच्या आतले असतील तर त्यांना राउंड टेबलमध्ये समवयस्क मिळतील. सगळ्यांत सोपा रस्ता म्हणजे नोव्हेंबरात गावच्या वाचनालयातल्या सूचनाफलकावर सांताच्या गाडीचं वेळापत्रक लागेल, त्याखाली फोन नंबर असतो. फोन करा आणि बादली धरायला येतो म्हणा. तेव्हा कुठलाच क्लब नाही म्हणत नाही. बोटं उघडी राहणारे हातमोजे न्या, पूर्ण हातमोज्यांनी नाणी उचलता येत नाहीत.